घरचं आदण

सुकन्या जागेपणी स्वप्नं बघते, हे कन्हेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. बारामतीच्या कॉलेजातून घरी निघालेली पोरगी एसटीच्या खिडकीशी बसली की उतरायचा थांबा हमखास मागे पडायचा. मग कंडक्टरच ओरडायचा, "ओ गुऱ्हाळवाल्या मॅडम, उतरताय का थेट इंदापूर गाठायचंय?" ती हसत उतरायची आणि तेवढं अंतर रमतगमत उलटं चालायची. आता अशा पोरीनं एमबीए करून धंद्याचं शिक्षण घ्यावं, म्हणजे कमालच की नाही!

पण घेतलं. पहिल्या वर्षी त्यांना 'शाश्वत व्यवसाय' असा एक विषय होता आणि शिकवायला सुधा मॅडम होत्या. धंदा असा करायचा की जमिनीचं, पाण्याचं, माणसाचं वाटोळं न होता तो नातवंडांच्या हाती जावा, असं मॅडमनी पहिल्याच तासाला साध्या शब्दांत सांगितलं. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. सुकन्यानं काहीच उतरवलं नाही, कारण तिला समोरच्या भिंतीवर आपलं गुऱ्हाळ दिसायला लागलं होतं.

तिचे वडील मानसिंगआबा. भावकीतल्या सगळ्यांचा ऊस माळेगावच्या कारखान्याला जायचा, आबांचा मात्र घरच्याच चरकात पिळला जायचा. लहानपणी सुकन्या वाळल्या चिपाडांच्या ढिगावर लोळत पडायची. समोर चुलाणावर भली मोठी काहील रटरटत असायची, तिच्यातून वाफ उठायची, आणि त्या वाफेत तिला गावं दिसायची, डोंगर दिसायचे, एकदा तर जहाजही दिसलं होतं. समुद्र तोवर तिनं पाहिलाच नव्हता. आई, जयवंताबाई, हाक मारून दमायची. "आगं जेवाया चल की! का वाफ खाऊनच पोट भरतंय तुझं?"

आणि आबांचा गूळ! पिवळाधमक, झेंडूसारखा. बाजारात व्यापारी आधी रंग बघतो, मग बाकीचं. तो रंग यावा म्हणून काहिलीतल्या उकळत्या रसात एक पांढरी पावडर पडायची, आणि आबांकडे गूळ शिजवणारा गुळव्या, माऊली, ती अगदी सढळ हातानं टाकायचा. बाजारच्या गुळाची ही तऱ्हा. घरच्या मडक्यात मात्र कायम काळपट, तांबूस गूळ. हंगाम संपताना आबा एक शेवटचं आदण लावायचे, म्हणजे रसाची शेवटची काहील. "ह्ये काह्यल धुवायचं आदण," असं ते म्हणायचे, आणि तो गूळ घरी यायचा. शाळेत डब्यातली गूळपोळी बघून पोरी चिडवायच्या, "गुऱ्हाळ तुमचं आणि गूळ असला?" सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. विकून उरलेलं ते आपल्याला, असंच तिनं मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायची वेळ आली. सुकन्या थेट आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, मला एक आदण द्या. बिगर पावडरीचं."

"काय करतीस त्याचं? पूजा?"

"विकायचं. पुढं सगळंच गुऱ्हाळ तसं करायचं. लोक शोधत येतील आबा, बघा तुमी."

"लोक!" आबा खो-खो हसले. "लोकांला पिवळं लागतंय, पोरी. काळ्या ढेपंकडं कुत्रं बघायचं न्हाय."

पण पोरगी हटून बसली. शेवटी आबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. तुझ्या त्या मॅडम पोरं घिऊन गुऱ्हाळ बघाया येणार हायेत न्हवं? तवा दोन्ही गूळ मांडू. कुणाला काय सांगायचं न्हाय. एकानं जरी आपसूक तुझ्या ढेपंला हात घातला, तर फुडचा हंगाम तू म्हणशील तसा. न्हाय घातला, तर ह्यो विषय ह्या घरात परत काढायचा न्हाय. हाय कबूल?"

"कबूल," सुकन्या म्हणाली, आणि त्या क्षणापासून तिचा जीव टांगणीला लागला.

तिचं आदण लागलं. माऊलीनं रानभेंडीचं पाणी मारून रसावरची मळी तेवढी काढली, पावडरीला हात लावला नाही. गूळ थापला तो तपकिरी, तिच्या आजवरच्या लाजेच्या रंगाचा. तिनं खडा तोंडात टाकला. चव ओळखीची वाटली, फार ओळखीची. पण बाईसाहेब तोवर स्वप्नात शिरल्या होत्या. तिथं गुऱ्हाळापुढं गाड्या लागल्या होत्या, पाटीवर तिचं नाव होतं आणि आबा नव्या फेट्यात लोकांना गूळ वाढत होते.

वर्ग आला तो दुपारी. उबदार ऊन, उसाच्या शेतातून येणारा वारा, काहिलीची गोड वाफ. पोरं तर हरखूनच गेली. गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही, ही इकडची रीतच. आबांनी स्वच्छ गोणपाटावर दोन्ही गूळ फोडून मांडले. "घ्या, लाजू नका. हवा त्यो घ्या."

वालचंदनगरची आसावरी पुढं झाली. सुकन्याची जिवाभावाची मैत्रीण, कॉलनीत वाढलेली, वर्गात रसायनमुक्त शेतीवर तावातावानं बोलणारी. तिनं हात घातला तो पिवळ्यात. मागोमाग सगळ्यांनी. "किती सुंदर रंग आहे!" असं म्हणत सुधा मॅडमनीही पिवळाच खडा उचलला. तपकिरी ढेपेवर एक माशी तेवढी बसली. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलाणाचा धूर लागल्यासारखं करून तिनं तोंड फिरवलं. आबा तिच्याकडं बघून हसले, पण चिडवलं नाही, हे त्यांचे उपकारच.

निघताना मॅडम म्हणाल्या, "मानसिंगराव, एक ढेप विकत द्याल? माझी मुलगी बाळंतपणाला आलीय. डिंकाचे लाडू करायचेत तिला."

"बाळंतीण हाय व्हय? मंग पैशाचं नावच काढू नका," म्हणत आबा वाकले. हात पिवळ्या ढेपेवर गेला आणि तिथंच थांबला. क्षणभर तसाच राहिला. मग हळूच सरकला आणि त्यांनी तपकिरी ढेप उचलली.

"ह्यो न्या," आबा म्हणाले. "बाळंतिणीला त्यो नगं. आमच्या घरात ह्योच खात्यात. पोरगी ह्याच्यावरच वाढली माझी."

बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

आसावरीनं हातातल्या पिवळ्या खड्याकडं पाहिलं. मॅडमनी ढेप दोन्ही हातांनी घेतली आणि अगदी हळू विचारलं, "मग मघाशी आम्ही खाल्ला तो?"

सुकन्याला आता ती चव आठवली. घरच्या मडक्याची, डब्यातल्या गूळपोळीची. काहील धुवायचं आदण म्हणे! दरवर्षी आबा तिच्यासाठी वेगळा गूळ करत होते, आणि गावाला दुसरा विकत होते.

तिकडं काहिलीतल्या रसाला उकळी आली होती. माऊली पावडरीची पुडी फोडायला लागला.

"माऊली," आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती पुडी."

"आनि व्यापारी?"

"व्यापाऱ्याचं मी बघतो."

माऊलीनं पुडी परत खिशात कोंबली. वाफेचा मोठा लोट उठला, पण सुकन्याला आज त्यात काही दिसलं नाही. पलीकडं मान खाली घालून तिचा बाप उभा होता. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं.