शिकाऱ्याचं जॅकेट आणि आईचा स्वेटर

मैत्रिणींनो, आज इथल्या आखातातल्या शुक्रवारच्या बाजारातून आलं: धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचं जुनं जॅकेट, तीन दिनार. शिकारीचं असलं तरी देवापुढे ठेवून हळदीकुंकवाचं बोट लावलं.

ह्यांना थंडीत वाळवंटात विजेच्या खांबांवर चढावं लागतं. म्हणून जॅकेटच्या आत माझ्या आईने विणलेला जाड स्वेटर घालून पाहिला. पण धनुष्याची दोरी अडकू नये म्हणून ह्या जॅकेटच्या बाह्या घट्टच शिवतात. ह्यांचा हात खांद्याच्या वर जाईना.

"स्वेटरच्या बाह्या उसवते," मी म्हटलं.

"आईंच्या हातचा आहे तो. जॅकेट परत कर."

"आणि तुम्ही खांबावर कुडकुडा."

शेवटी उसवल्या. छातीला ऊब, हात मोकळे. त्याच लोकरीची ह्यांना कानटोपी विणतेय. किती टाके घालू, उलट टपाली कळवा. आई असती तर तिलाच विचारलं असतं.