मस्टँग की कॅमॅरो

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या तिसऱ्या वर्षी आम्ही तिथे ग्योतोकुला राहायला गेलो. तळमजल्यावर आमचे घरमालक राहायचे. त्यांना सगळे ओयासान, म्हणजे घरमालकच म्हणत, म्हणून आम्हीही. त्यांच्या अंगणात दोन जुन्या अमेरिकन गाड्या होत्या, निळी मस्टँग आणि पिवळी कॅमॅरो. दोन्हींचा जोर मागच्या चाकांवर, दोन्ही त्यांनी हौसेनं घेतलेल्या. आता त्यांच्या मुलाला अंगणात खोली वाढवायची होती, आणि इथे हक्काची जागा दाखवल्याशिवाय गाडी ठेवता येत नाही. म्हणजे एक जाणार हे नक्की.

एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. "तुम्ही इंजिनिअर. कोणती ठेवू?"

मी सॉफ्टवेअरवाला, पण पुण्याचा. मत विचारलं आणि दिलं नाही, असं आमच्याकडे होत नाही! शिवाय वडिलांच्या फियाटखाली झोपून थोडंफार शिकलोही होतो. बाह्या सरसावून दोन्ही गाड्यांखाली शिरलो, डावीकडचं स्टिअरिंग सांभाळत दोन्ही चालवून बघितल्या. कॅमॅरो वळणावर मागून जराशी सरकायची, पण इंजिन खणखणीत. मस्टँग चालायची फार सुरेख. पण भूकंपात जमिनीतून उसळलेल्या चिखलपाण्यात ती अंगणाच्या सखल कोपऱ्यात दोन दिवस उभी होती म्हणे, आणि तिचा तळ पार गंजला होता.

"कॅमॅरो ठेवा," मी छातीठोकपणे सांगितलं. "मस्टँगमध्ये आता काही राहिलेलं नाही."

"नारुहोदो. असं होय," म्हणत ते कमरेत वाकले. मी खुशीत जिना चढलो.

दहा दिवसांनी मस्टँग न्यायला ट्रक आला. बायको खालून धावतच वर आली. "अरे, काय करून बसलास! त्यांचा मुलगाही मस्टँगच काढा म्हणत होता. खालच्या आजी, ओयासानांच्या बायको, सांगत होत्या, लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेले ते तिच्यातूनच. कोणीतरी 'ती ठेवा' म्हणावं म्हणून आजोबांनी तुला विचारलं होतं."

मी अनवाणी खाली पळालो. मोडक्यातोडक्या जपानीत म्हणालो, "चुकलं माझं. गंज काढता येतो. थांबवा त्यांना."

"नाही, नाही. तुम्ही नीट बघून सांगितलंत," ओयासान हसून म्हणाले. "तुमचंच मत सांगून मुलाला हो म्हटलं. आता त्याला काय सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रक निघाला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते वाकून उभे राहिले. त्यांच्या शेजारी मीही वाकलो. दुसरं काय करणार होतो?