फक्त रविवारची सरासरी

सरोजताईंनी कल्याणच्या कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुणाच्या हसण्यावर त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. मुलगा शौनक आणि सून ऋजुता दर रविवारी माजिवड्याहून येत, अगदी गुण्यागोविंदाने वागत. सरोजताईंच्या मनात पाल चुकचुके. नुसते रविवारच मोजले तर सरासरी गोडच येणार. उरलेल्या आठवड्याचं काय? नमुना कुणाला न सांगताच उचलावा.

म्हणून एका बुधवारी त्या न कळवता त्यांच्या घरी धडकल्या. दोघं हसतखिदळत मटार सोलत होती.

"एका बुधवारावरूनही काही ठरत नाही," असं पुटपुटत त्या आत आल्या.

शौनकचं हसू मावळलं. "आई, तू लंगडतेयस? कधीपासून?"

"रोजच लंगडते," सरोजताई म्हणाल्या. "रविवारी तेवढी गोळी घेते."