अणुबॉम्ब आणि फणसपोळी

काय सिद्ध करायचे आहे ते आधीच सांगते: घाबरलेल्या मुलाची समजूत युक्तिवादाने घालता येते. पुढचा मजकूर याच विधानाच्या बाजूने आहे... निदान लिहायला बसले तेव्हा तरी होता.

ऐंशीच्या दशकातला मे महिना, रत्नागिरीतली मांडवी. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. भाऊ मुंबईला गोदीत नोकरीला. वहिनी आणि आठ वर्षांची पुतणी चिंगी माझ्यापाशी.

एका सकाळी ट्रान्झिस्टर नाहीसा झाला. सापडला तो तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी. दोन महासत्ता एकमेकींवर अणुबॉम्ब रोखून बसल्याचे चिंगीने ऐकले होते. बातम्याच लागल्या नाहीत तर युद्धही होणार नाही, असा तिचा विचार... आणि आदल्या दिवसापासून ती धड जेवली नव्हती.

मी तिला समोर बसवून रीतसर मांडणी केली. बॉम्ब महाग असतो. महाग वस्तू कोणी बिनमहत्त्वाच्या जागी टाकत नाही. रत्नागिरी जगाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची आहे. सबब, रत्नागिरीवर बॉम्ब पडणार नाही.

चिंगीने शांतपणे विचारले, "आत्या, मुंबई महत्त्वाची आहे?"

मी प्रामाणिकपणे होकार दिला.

"मग बाबांवर पडणार," ती म्हणाली, आणि तिने असे भोकाड पसरले की शेजारीण कुंपणाशी आली.

"वन्सं, झालं शिकवून?" वहिनीने अंगणातून विचारले. "आता तिला इकडे पाठवा. माश्या वारायला कोणीतरी हवं."

अंगणात ताटांवर फणसपोळी वाळत होती. भाऊ गणपतीला घरी आला की हातपाय धुण्याआधी तिचा तुकडा तोंडात टाकायचा, म्हणून ही तयारी. चिंगी हुंदके देत पंखा हलवू लागली. वहिनीने आणखी एक बरका फणस फोडायला घेतला.

हळूहळू हुंदके थांबले. चिंगीने ताटे पाहिली, मग आईकडे पाहिले. "आई एवढी पोळी घालतेय... म्हणजे बाबा नक्की येणार."

अनुमान सदोष होते. पोळीवरून वहिनीची आशा सिद्ध होते, भावाचे येणे नव्हे. ही दुरुस्ती सुचवायला मी तोंड उघडले. वहिनीने फक्त माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले. दुपारी चिंगीने दोनदा भात मागून घेतला.

गणपतीला भाऊ आला. चिंगीने फणसपोळी पुढे केली आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे मी नापास विद्यार्थ्यांकडे पाहत असे.

माझी एक चूक येथे नोंदवते: रत्नागिरीविषयीचे माझे विधान साफ खोटे होते. माणसे जिथे परत येतात ते गाव बिनमहत्त्वाचे कसे असेल? बॉम्बवाल्यांना मात्र कोणी हे कळवू नये.

— सुलभा, चिंगीची आत्या