मिहानला पाठवलेला मध्यस्थ

एसटी सुटायच्या आधी बाबांनी खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी ठेवली आणि म्हणाले, "कोणाच्या मांगं लागू नोको. चांगल्या घरचे लोक मांगं लागत नाहीत." लोणचं पंधरा दिवसांत संपलं. ते वाक्य मात्र मी इतकं जपून ठेवलं, की त्यापायी हातची नोकरी जाता जाता राहिली.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे गाव सोडलेले, दोघांनाही आपली पद्धत ठाऊक आहे. आपल्याकडे स्वतःसाठी कोणी तोंडानं काही मागत नाही. ताईला पाहायला आलेले पाहुणे पोहे खाऊन गेले, की बाबा आठ-आठ दिवस मोबाईल हातात धरून बसायचे, पण लावायचे नाहीत. मग कोणीतरी मध्यस्थ सहज त्या गावावरून जायचा, सहज त्यांच्या ओसरीवर टेकायचा आणि सहज विचारायचा, "मुलगी कशी वाटली?" उत्तर आलं तर बरं. नाही आलं तर तेच उत्तर.

मी नागपूरला आलो तो ही सगळी विद्या घेऊन. हुडकेश्वरला खोली केली. विमानतळाला लागून असलेल्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत मुलाखत झाली, बरी झाली. मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बघू दोन-चार दिवसांत." मी खोलीवर आलो आणि मोबाईल पोटावर ठेवून आडवा झालो. मृग लागेपर्यंत नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर परत येऊन मामांच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांवर बसायचं, असं घरी ठरलेलं होतं. मृगाला सतरा दिवस उरले होते.

ते दिवस आठवले की अजूनही डोळे जड होतात. मे महिन्याची दुपार, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, पडद्यातून पिवळं होऊन येणारं ऊन. विमानं इतकी खालून जायची की भांडी थरथरायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, प्रत्येक विमान माझंच पत्र घेऊन उतरतंय. एकदा तर स्वप्नात कंपनीची जीप आमच्या अंगणात आली. मॅडम, दोन साहेब आणि एक म्हातारा डायरेक्टर सतरंजीवर बसले, चिवडा खाल्ला. डायरेक्टर बाबांना म्हणाले, "आम्हाला पोरगा पसंत आहे." बाबा पदर नसतानाही पदर सावरल्यासारखे हसले. जाग आली तेव्हा मोबाईल घामानं पोटाला चिकटला होता. एकही फोन नव्हता.

बारा दिवस गेले. माझे घरमालक काकाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर लग्नं जुळवण्यात रमलेले. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम आठ-दहा स्थळं असत. मला त्यांच्यात देव दिसला. म्हटलं, "काकाजी, जरा सहज विचारून येता का?"

ते खरंच गेले हो! इस्त्रीचा शर्ट घालून, गंध लावून. मी दिवसभर जिन्यात. परत आले तेव्हा मी हेल्मेटही काढू दिलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"आधी पाणी तं पिऊ दे गा." प्यायले. "मॅडम चांगल्या घरच्या दिसल्या. चहा दिला. मी म्हटलं, पोरगा निर्व्यसनी आहे, सुपारीचं खांडही खात नाही. पगाराबद्दल आमची काही अपेक्षा नाही."

"काकाजी! अपेक्षा नाही?"

"पहिल्या बैठकीत देण्याघेण्याचं काढत नसतात, बाबू."

"मग?"

"मग त्यायनं विचारलं, मुलगा कुठं आहे? मी म्हटलं, घरी आहे, लाजते."

मी पायरीवरच बसलो. काकाजींचा आवाज उतरला. "हसल्या बा खूप. पण मग म्हणे, हे काम काय आहे माहीत आहे का? दिवसभर फोन करून विचारायचं, माल कुठं पोचला. जो स्वतःसाठी एक फोन करत नाही, तो आमच्या मालासाठी काय करणार? उद्या पाचपर्यंत थांबतो म्हणे, मंग दुसऱ्याले बोलावतो."

दुसऱ्या दिवशी मी वाक्य कागदावर लिहिलं, अकरा वेळा म्हटलं आणि पावणेपाचला फोन लावला. मॅडमचा आवाज आला आणि माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार, काल जे पाहुणे येऊन गेले, त्यांच्या वतीनं बोलतो."

"वतीनं नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः आहात का तिथे?"

"आहे."

"काय पाहिजे तुम्हाला?"

कागद घामानं विरघळला होता. कूलर बंद करायचा राहिला होता, म्हणून मी ओरडलोच, "मले ते काम पाहिजे, मॅडम!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "सोमवारी साडेनऊला या. एकटे या."

आता मी त्याच कंपनीत दिवसभर परक्या लोकांच्या मागे लागतो. बायको सांगते, मी झोपेतही विचारतो, "गाडी कुठवर आली?" हुडकेश्वरच्या खिडकीसमोरच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या फटीतून विमानं अजून तशीच उतरतात आणि दुपारी डोळा लागला की मला अजून जीप दिसते.

बाबांचा फोन रविवारी येतो. परवाही आला. ऊन-पाणी, म्हैस, ताईचा पोरगा, सगळं झालं. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझी आई विचारून राहिली होती, केव्हा येतं म्हणून."

मागून आईचा आवाज, "मी काहून विचारू? तुम्हीच तं सकाळपासून कॅलेंडर पाहून राहिले!"

मग तिकडे कोणीच बोलेना. या शांततेत मी बारा दिवस राहिलोय, तिचं वजन मला माहीत आहे. घर म्हणजे अंगण, विहीर, चिंच असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते असेल. पण मला वाटतं, घर म्हणजे आपल्याला विचारायला संकोचणारा एक माणूस, आणि त्याला फार ताटकळत ठेवू नये.

"बाबा, मले यायचं आहे," मी म्हटलं. "शनिवारी येतो."

"ये ना गा," ते म्हणाले. "तुझ्या आईले सांगतो."