खिडकीतल्या मशीनचं पाणी

आमच्या घरात त्या वर्षी भांडी धुतली जात नव्हती. राखेनं घासायची आणि कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायची. काष्टीकडची आमची विहीर आटली, तेव्हा वडील भिंगारला एका कंत्राटदाराच्या बंगल्यावर माळी म्हणून लागले. बंगल्यामागं नोकरांसाठी खोल्या होत्या, त्यातली एक आमची. बंगल्यावर टँकर यायचा. त्यातल्या दोन कळश्या आम्हाला. पिणं त्यातच, स्वयंपाक त्यातच, आणि चार दिवसांतून एकदा अंघोळ. बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरला निघाले त्या सकाळी आईनं माझ्या डोक्यावरून पाणी घातलं, ते तिच्या वाट्याचं होतं. हे मुद्दाम सांगतेय. कारण त्याच बंगल्यात पुढं माझ्या वडिलांना पाणीचोर म्हटलं गेलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. साहेबांनी झोपायच्या खोलीच्या खिडकीत एअरकंडिशनर बसवला होता. वडील त्याला गारव्याची पेटी म्हणायचे. अर्धी पेटी खोलीत, अर्धी बाहेर. बाहेरच्या अंगाला तळाशी बोटाएवढी तोटी होती, तिच्यातून थेंब थेंब पाणी गळायचं. खाली मधुमालतीचा वेल होता. वडिलांनी तिथं घमेलं ठेवलं आणि साठेल ते वेलाला घालायला लागले. सगळी बाग वाळली, पण तो वेल तगला.

मृग लागला. पाऊस कुठला, नुसते ढग आणि अंगाची चिकचिक. आणि त्याच दिवसांत साहेबांच्या खोलीत, आतल्या बाजूनं, खिडकीखालची भिंत भिजायला लागली. गालिच्याला कुबट वास यायला लागला. मेकॅनिक आला. त्यानं पुढची जाळी काढून पुन्हा बसवली, खिडकीतूनच वेल बघितला आणि म्हणाला, "मशीन एकदम ओके आहे, बाईसाहेब. तुमचा माळी बाहेरून वेलाला पाणी ओततोय, ते भिंतीत मुरतंय." बाहेर जाऊन बघायची तसदी या गृहस्थानं घेतली नाही. चहा प्यायला आणि गेला.

बाईसाहेबांनी वडिलांना व्हरांड्यात बोलावलं. आचारी आणि ड्रायव्हर तिथंच होते. मी धुण्याच्या दोरीपाशी.

"लोक टँकरमागे धावताहेत, आणि तू माझं पाणी वेलाला ओततोस? चोरीच आहे ही! सोमवारी खोली रिकामी करायची."

"म्या न्हाई वतलं, बाईसाब," वडील म्हणाले. एवढंच. आणि खाली बघत निघून आले.

खोलीत आल्यावर मी त्यांच्यावरच चिडले. "आबा, नीट सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? महिना झाला, त्या कोपऱ्यात म्या पाय टाकला न्हाई. थोरल्या बाईंनी घमेलं उचलाया लावलं. म्हनल्या, हितं पुन्हा फिरकायचं न्हाई आन् कुनाला बोलायचं न्हाई. म्या व्हय म्हनलो."

थोरल्या बाई म्हणजे साहेबांच्या आई. सोवळं असं कडक, की आमची सावलीसुद्धा पडू द्यायच्या नाहीत.

"मग हेच का नाही सांगितलं?"

"सासूसुनंच्या मधी मी कशाला पडू? शबूद दिलाय."

म्हणजे शब्द पाळायचा माळ्यानं, आणि घर जायचं तेही माळ्याचंच! मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी उठून मी सरळ वेलाकडे गेले. बुडाशी माती भेगाळलेली, पानं सुरळी होऊन गळायला लागलेली. भिंत ओली आणि वेलाचं मूळ कोरडं! हे त्या मेकॅनिकला दिसलं असतं, पायऱ्या उतरला असता तर. मी फिजिक्स शिकले होते. गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच या पेटीचं पाणी. हवा दमट झाली की ते वाढायला पाहिजे. इथं तर तोटीखाली टिपूस नव्हतं. मग ते जात होतं कुठं?

आचाऱ्याला मी मेन स्विच बंद करायला लावला. वडील मागं येऊन उभे राहिले.

"पोरी, मशीनला हात नगं लावू. करंट बसंल."

"मेन बंद आहे, आबा."

वेल बाजूला सारला. तोटीच्या तोंडावर चार पदरी फडकं दोऱ्यानं आवळून बांधलेलं, वर मातीचा थर बसून चामड्यासारखं कडक झालेलं. खाली तांब्याची कळशी. त्या वर्षी गावात नळाच्या, हंड्याच्या, प्रत्येकाच्या तोंडाला गाळायचं फडकं होतंच. पण मशीनला?

"शिवू नकोस! पूजेचं पाणी आहे ते!" थोरल्या बाई ओलेत्यानंच आल्या होत्या. "टँकरच्या पाण्याला सगळ्यांचे हात लागतात. हे कुणी न शिवलेलं. गाळून घेते मी. पण आठ दिवस झाले, मेलं येतच नाही."

"येतंय ना, आजी. तोटी बुजलीय, म्हणून पेटीतून उलटं तुमच्या सुनेच्या खोलीत येतंय."

मी दोरा तोडला आणि फडकं ओढलं. तांबडं, बुळबुळीत पाणी धो धो आलं, माझं लुगडं भिजलं. खराट्याची काडी घालून तोटी साफ केली. मागून नितळ धार लागली. आवाजानं बाईसाहेब आल्या, ड्रायव्हर आला. फडकं बघून बाईसाहेबांना हसू आवरेना.

"अहो आई! मला तरी सांगायचं!"

आचारीही हसला. माळ्यानं केलं तर चोरी, आणि सासूनं केलं तर गंमत! माझं डोकं सणकलं.

"बाईसाहेब, परवा... नाही, कालच, याच दोघांसमोर तुम्ही माझ्या वडिलांना चोर म्हणालात. आता यांच्यासमोरच ते परत घ्या."

"कॉलेजात गेलीस म्हणून जीभ सुटली का गं?"

"कॉलेज चारच वर्षं झालं. जीभ जन्मापासून आहे."

वडील माझा दंड धरून म्हणाले, "चल. झालं न्हवं आता?"

"नाही झालं, आबा."

मी दंड सोडवून घेतला. तोटीचं पाणी कळशीत पडत होतं. शेवटी थोरल्या बाईच म्हणाल्या, "म्हण गं. फडकं माझं होतं."

बाईसाहेबांनी वडिलांकडे बघितलं नाही, वेलाकडे बघितलं. "तू पाणी चोरलं नाहीस. राहा खोलीत."

भिंत चार दिवसांत वाळली. महिनाअखेरीस माझा निकाल लागला, मी पास झाले. वडील त्या बंगल्यावर आणखी नऊ वर्षं माळी होते, आणि त्यांना पुन्हा कुणी चोर म्हटलं नाही.