रोबो झालेल्या बाई

दौंडच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग ते शिकवणाऱ्या बाई आल्या. स्टाफरूममध्ये त्या कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकायच्या नाहीत. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायचो, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "रोबो ऐकतोय. नीट सांगा." पडद्यावरच्या रोबोला पुढे, डावीकडे, उजवीकडे असं सांगत मुलांनी घरी पोचवायचं. तो भिंतीवर आपटला तरी बाई 'चुकलं' म्हणायच्या नाहीत. "त्याने तुमचं ऐकलं," एवढंच म्हणायच्या.

एकदा रोबो मुलांकडे तोंड करून उभा होता. एका मुलीने स्वतःचा उजवा हात बघून "उजवीकडं" सांगितलं आणि तो भलतीकडेच गेला. वर्ग हसला, मुलगी पटकन खाली बसली. बाईंनी सगळ्यांना मैदानात आणलं आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "आता रोबो मी. मला घंटेपाशी ने."

"उजवीकडं वळा, बाई. आन् चाला."

बाई वळल्या आणि इस्त्रीच्या साडीसकट मेंदीच्या कुंपणात शिरल्या. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी मुलगीही हसली. ती धावत बाईंच्या पाठीमागे गेली, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी राहिली आणि त्यांना थेट घंटेपाशी घेऊन गेली. "वाजवा."

घंटा ऐकून सगळी शाळा दप्तरं घेऊन बाहेर आली. पाठोपाठ मुख्याध्यापक तणतणत आले, "बाई, हे काय चाललंय?"

बाई ढिम्म. बोलायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलगी हळूच म्हणाली, "डावीकडं वळा, बाई. आन् पळा."

आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या आमच्या बाई पळाल्या.